दोनच ठेवता येतात, तर कोणत्या ठेवाल? (बंदुका: घेतलेल्या, घ्यायच्या, सोडायच्या)

जुनी_नळी (पुणे)

नमस्कार मंडळी. इथे फाउंटन पेनांवर धागा आहे, मनगटी घड्याळांवर तीन आहेत, जुन्या रेडिओंवर तर दिवाळी अंक निघेल एवढं लिहून झालंय. बंदुकांवर मात्र एकही नाही. विषय निघाला की लोक आवाज खाली करतात, जणू आपण गादीखाली गावठी कट्टे दडवलेत. परवाना आहे, नूतनीकरण वेळेवर होतं, सांगितलं की मुकाट जमा करतो. मग बोलायला काय हरकत? गेल्या वर्ष-दीड वर्षात कोणी काय घेतलं आणि पुढे काय घ्यायचं मनात आहे, ते लिहा. सुरुवात मी करतो, कारण मीच अडकलोय.

परवान्यावर दोन आहेत. पहिली आजोबांची बारा बोअरची दुनळी, बर्मिंगहॅमची. आजोबा भोर संस्थानात वनखात्यात होते, १९३८ साली त्यांनी ती मुंबईतून आणली. पावती अजून आहे, कागदाची घडी उलगडायची भीती वाटते इतकंच. दुसरी .३२ ची (हे आकडे नळीच्या मापाचे, इंचात) रिव्हॉल्वर, कानपूरच्या ऑर्डनन्स फॅक्टरीची. ही वडिलांनी घेतली होती. ते गेल्यावर २०१४ मध्ये दोन्ही माझ्या नावावर आल्या.

नवीन खरेदी म्हणाल तर गेल्या दिवाळीत प्रिसिहोल कंपनीची हवा भरायची रायफल घेतली, .१७७ ची. तिला परवाना लागत नाही. हातपंपाने दोनशे बारपर्यंत हवा भरायची, जिमचे पैसे वाचतात. तिनेच घोळ घातला. दर रविवारी रेंजवर जायला लागलो आणि आता .२२ हवीशी झालीय. पन्नास मीटर, पालथं पडून, सावकाश.

पण २०१९ च्या दुरुस्तीने तीनाच्या दोन झाल्या. म्हणजे तिसरी आणायची तर एक सोडायची. एका विक्रेत्याकडे दुनळी दाखवली. त्याने नळीत डोकावूनसुद्धा पाहिलं नाही. "साहेब, लाकूड चांगलं आहे," म्हणाला आणि जी किंमत सांगितली ती खरंच लाकडाचीच असावी.

तुम्ही काय केलं असतं?

करवीरकर (कोल्हापूर)

दुनळी ठेवा. रिव्हॉल्वर विका. विषय हार्ड नाही ओ, उगंच करून घेतलाय तुम्ही.

१९३८ ची पावतीसकट बंदूक आणि तुम्ही विचारताय काय ठेवू! त्या पावतीचा फोटो टाका आधी.

नियमावली (मुंबई)

धागा आवडला. वाचनखूण साठवली आहे. थोडं कायद्याचं, म्हणजे पुढे गैरसमज नकोत.

दोनची मर्यादा माणशी आहे, घरटी नाही. आणि वारसाहक्काने आलेलं शस्त्रही त्या दोनातच मोजतात, वेगळं नाही. ही दुरुस्ती १४ डिसेंबर २०१९ पासून लागू आहे. त्याच दुरुस्तीने परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षांवर गेली, तेवढाच दिलासा. लग्नाच्या वरातीत हवेत बार काढणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, हेही तेव्हाच आलं. हे लिहून ठेवतो, कारण दर लग्नसराईत मला कोणीतरी फोन करून "एकच बार" विचारतो.

विकायची असेल तर घेणाऱ्याकडे त्या प्रकारच्या शस्त्राचा परवाना हवा. जिल्हादंडाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला आधी लेखी कळवायचं आणि पंचेचाळीस दिवस थांबायचं. मित्र आहे, ओळखीचा आहे, कागद नंतर करू, असलं काही चालत नाही.

आता कोणीतरी क्युरिओ, म्हणजे जुनं शोभेचं शस्त्र, हा मुद्दा काढेलच, म्हणून आधीच सांगतो. २०२० च्या नियमबदलानंतर क्युरिओ गटातली शस्त्रं नुसती जवळ ठेवायला परवाना लागत नाही. वापरायची, बरोबर न्यायची किंवा कुठे हलवायची असतील तर लागतो, आणि परवान्यावर नोंद असल्याशिवाय काडतूस मिळत नाही. पण तोडेदार, चकमकीची, पणजोबांच्या वाड्यात खुंटीवर गंजलेली, असल्यांसाठी ही सोय आहे. जिच्यात आज खडकीच्या कारखान्याचं काडतूस बसतं आणि बार उडतो, ती दुनळी क्युरिओ नव्हे, कितीही म्हातारी झाली तरी.

सह्यकडा

मग तिची उडण्याची सोयच काढून टाका ना. नळ्या आतून वेल्ड करून घ्यायच्या, परवान्यातून उतरवायची, दिवाणखान्यात लावायची. प्रश्न मिटला.

करवीरकर

दिवाणखान्यात आजोबांना पण पेंढा भरून बसवायचं काय?

सह्यकडा

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

टेक्सासकर (ह्यूस्टन)

वा, असा धागा निघाला. इकडे माझी बायको सोडून कोणाला यातलं सांगायची सोय नाही, आणि तिला ऐकायचं नाही.

माझी ताजी खरेदी: ईशापूर २ए१. हो, आपल्या बंगालमधल्या ईशापूरच्या रायफल फॅक्टरीची, घेतली टेक्सासमध्ये. १९६२ च्या युद्धानंतर आपल्याकडे ७.६२ चं काडतूस आलं, पण नव्या अर्धस्वयंचलित रायफली सगळ्यांना पुरायला वेळ लागणार होता. म्हणून ईशापूरने जुन्या ब्रिटिश .३०३ ली-एनफील्डचाच सांगाडा जास्त कणखर पोलादात बनवला आणि त्यात ७.६२ बसवली. लांबून पाहिलं तर सगळे .३०३ म्हणतात. ओळखायची खूण म्हणजे मॅगझिन, काडतुसं भरायचा डबा. .३०३ चं पोटाशी गोल, उतरतं असतं. हिचं चौकोनी, डब्यासारखं. आधीच्या २ए ला मागची साइट, म्हणजे नेम धरायची पट्टी, २००० मीटरपर्यंत आखलेली होती. २ए१ मध्ये ती ८०० वर आणली, कारण दोन हजारावर कोण कोणाला मारतंय? माझ्या रायफलीवर 'आरएफआय १९६७' आहे आणि वर अशोकस्तंभाचे सिंह. दुकानात डझनभर रायफली रांगेत उभ्या होत्या, जर्मन, रशियन, स्विस. ते सिंह दिसले आणि मी किंमत विचारायच्या आधीच कार्ड काढलं. घासाघीस करायची आपली परंपरा तिथे बुडाली.

इकडे पन्नास वर्षांहून जुन्या शस्त्रांसाठी संग्राहकाचा वेगळा केंद्रीय परवाना मिळतो, तीस डॉलरमध्ये तीन वर्षांसाठी. तो असला की अशी जुनी रायफल थेट घरी पार्सलने येते, आणि प्रत्येक खरेदी-विक्री एका वहीत लिहून ठेवावी लागते. माझा अजून आलेला नाही, म्हणून दुकानातून नेहमीचा फॉर्म भरून, पार्श्वभूमीची तपासणी होऊन घेतली. वीस मिनिटं लागली. पुण्याच्या काकांना सांगितलं तर ते बराच वेळ गप्प होते.

पुढची: एम१ गॅरंड. इथे नागरी नेमबाजी कार्यक्रमाची एक जुनी संस्था आहे, ती अमेरिकी लष्कराच्या जुन्या गॅरंड रायफली नेमबाजी क्लबच्या सभासदांना विकते. रांग असते. नंबर लावलाय. मोसिन-नागांत ही जुनी रशियन रायफल मात्र हुकली. एके काळी शंभर डॉलरच्या आसपास मिळायची, लोक जोडीने न्यायचे, तेव्हा मी 'जाऊ दे, नंतर बघू' म्हणालो. आता चारशेच्या पुढे.

जुनी_नळी, तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर देत नाही. मला दोनची मर्यादा नाही, त्यामुळे बोलणं सोपं आहे.

एच१बी_वाला (न्यू जर्सी)

टेक्सासकर, तुमचा मत्सर वाटतो. माझ्यासारख्यांनी लक्षात ठेवा: ग्रीन कार्ड असेल तर घेता येते, पण एच-१बी किंवा कुठल्याही तात्पुरत्या व्हिसावर बंदूक घेणं सोडाच, जवळ ठेवणंही केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. अपवाद शिकारीच्या वैध परवान्याचा. ऑफिसातला मित्र म्हणतो, चल रेंजवर, माझी वापर. मी गाडीत बसून चहा पितो. ग्रीन कार्डची रांग भारतीयांसाठी किती आहे ते सगळ्यांना माहीत आहे. तोवर नातू घेईल.

आणि न्यू जर्सीत नंबर लागला तरी आधी बंदूक घ्यायचं ओळखपत्र, पिस्तूल असेल तर प्रत्येक पिस्तुलाला वेगळी परवानगी. टेक्सास आणि न्यू जर्सी एकाच देशात आहेत हे कधी कधी खरं वाटत नाही.

टेक्सासकर

त्या शिकारीच्या परवान्यावरून आठवलं. लांबेल, पण सांगतो.

वडील गेल्या वर्षी आले होते, पर्यटक व्हिसावर. सातारचे. मराठा लाइट इन्फंट्रीत होते, बेळगावला रंगरूट म्हणून गेले तेव्हा हातात .३०३ होती. कपाट उघडून रायफल दाखवली तर ते दारातच उभे राहिले, हात मागे. "मला चालतं का हात लावलेला?" शिस्त बघा. मी वाचून पाहिलं. चालत नव्हतं. मग पाच दिवसांचा बाहेरच्यांसाठीचा शिकार परवाना काढला. शिकार कसली, हरीण दिसलं तर वडील त्याला नमस्कार करतील. पण कागद झाला.

रेंजवर रायफल हातात दिली. पहिलं काम काय केलं? बोल्ट मागे ओढला आणि करंगळी चेंबरमध्ये, काडतूस बसतं त्या जागी, घालून पाहिली, रिकामी आहे का. मी समोर रिकामी करून दिली होती, तरी. मग पालथे झाले. वय ७८, उतरायला माझा खांदा धरला, पण एकदा जमिनीला लागल्यावर बोल्ट असा चालायला लागला की शेजारच्या लेनमधला गोरा आपलं सोडून बघत बसला. दहातल्या आठ कागदावर. उठून धूळ झटकली आणि पहिला प्रश्न: "पुलथ्रू आणि चिंदी कुठंय?"

पुलथ्रू म्हणजे नळी साफ करायची दोरी, ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. माझ्याकडे नव्हती. इकडे आम्ही गज वापरतो. वडिलांचं तोंड दिवसभर वाकडं होतं.

अवांतर: माझ्या एका मित्राकडे खरी .३०३ आहे आणि त्याने जुन्या काडतुसांची पेटी घेतली. बुडावर 'केएफ'. म्हणजे आपली खडकी! त्या जुन्या काडतुसांच्या टोपीतले क्षार नळी खातात, म्हणून संध्याकाळी घरी जाऊन आधी गरम पाण्याने धुवावी लागते, मग तेल. आणि कधी कधी चाप ओढल्यावर क्षणभर काहीच होत नाही, मग उडतं. चाप ओढला आणि उडालं नाही तरी रायफल निशाण्याकडेच धरून थांबायचं, हे तो खडकीमुळे शिकला.

जुनी_नळी

काय लिहिलंय! खडकीच्या कारखान्याचा भोंगा ऐकत आमचं बालपण गेलं. १८६९ पासून आहे तो, आणि तुम्ही त्याला टेक्सासमध्ये शिव्या देताय.

वाचनमात्र

एक प्रामाणिक प्रश्न, भांडायचं नाही. घड्याळ जमवलं तर कोणी मरत नाही. बंदुकीचा छंद कशाला?

जुनी_नळी

रास्त प्रश्न. माझ्याकडे सुसूत्र उत्तर नाही. रेंजवर दीड तासात मी एकदाही फोन बघत नाही, हे एक. आणि आजोबांच्या हाताने गुळगुळीत झालेल्या दस्त्याला हात लावला की बरं वाटतं, हे दुसरं. कुलुपाची किल्ली माझ्याकडे, काडतुसं वेगळ्या कपाटात, ती किल्ली बायकोकडे. भांडण झालं तर दोघांना एकमेकांशी बोलावं लागतं.

करवीरकर

या धाग्याचं काश्मीर करू नका बरं का. वाचनमात्र, तुमचा वेगळा धागा काढा, आम्ही तिकडं येतो.

नेमबाजाची_आई

मी संग्राहक वगैरे नाही, पण खरेदी केलीय, तीही मोठी, आणि फसलेय. तेवढं विचारू का?

मुलगी चौदा वर्षांची. २०२४ ला १ ऑगस्टला स्वप्नील कुसाळेला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये नेमबाजीत कांस्य मिळालं, कांबळवाडीचा मुलगा, आमच्यापासून गाडीने फार तर तासाभरावर. त्या संध्याकाळी घरात दुसरा विषय नव्हता. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत या नेमबाजांची नावं तिला आधीच पाठ होती. वर्षभर क्लबच्या रायफलीवर मारलं, मग प्रशिक्षक म्हणाले, स्वतःची हवी. नवी जर्मन एअर रायफल अडीच-तीन लाखांच्या घरात. सोनं मोडायचं नव्हतं, म्हणून जुनी घेतली. दिसायला झकास. तीन महिन्यांनी स्पर्धेत तपासणीला रायफलीच्या हवेच्या सिलिंडरवरची तारीख बघितली आणि पंचांनी बाजूला ठेवली. मुदत संपलेली. विकणाऱ्याने एका शब्दाने सांगितलं नव्हतं. मुलगी तिथे रडली नाही, गाडीत रडली.

दहा_पॉइंट_नऊ (ठाणे)

ताई, वाईट वाटलं. पण रायफल वाया गेलेली नाही. सिलिंडर वेगळा मिळतो. हवेच्या सिलिंडरला बनवल्यापासून दहा वर्षं असतात, तारीख त्यावरच कोरलेली असते, बहुतेक महिना आणि वर्ष. जुनी रायफल घेताना मी सर्वांत आधी तेच बघतो, रायफल नंतर. सात वर्षं झालेला सिलिंडर असेल तर किमतीतून त्याची किंमत वजा करून बोलायचं.

बाकी जुन्यात काय बघायचं: रात्रभर भरून ठेवायची आणि सकाळी दाबमापकाचा काटा उतरलाय का बघायचं. उतरला असेल तर सील गेलेत, ते फार महाग नाही. एकूण वजन साडेपाच किलोच्या आत हवं, कारण मुलं वजनं लावत जातात आणि तपासणीच्या दिवशी कळतं. गालाची फळी आणि मागची पट्टी मुलीच्या मापाला येते का, हे सगळ्यात महत्त्वाचं. चौदाव्या वर्षी हात दर सहा महिन्यांनी लांब होतो. रायफल जुनी चालते, जॅकेट जुनं घेऊ नका. दुसऱ्याच्या खांद्याला बसलेलं कॅनव्हास तिच्या खांद्याला बसत नाही.

छर्ऱ्यांचे दोन-तीन मापाचे डबे आणून तिच्याच नळीतून मारून बघा. ४.४९ आणि ४.५० मध्ये फरक किती, असं वाटतं, पण दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा आहे.

माझी स्वतःची खरेदी: दोन वर्षं जुनं मोरिनीचं एअर पिस्तूल. पुढची खरेदी: काही नाही, बायकोने लेखी घेतलंय.

नेमबाजाची_आई

एवढं कोणी दुकानात सांगितलं असतं तर! धन्यवाद दादा.

कुडाळचो

तुमचे छंद वाचून बरा वाटला. आमच्याकडे एकच आसा, ठासणीची, आज्याच्या वेळची, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर. मारूक नाय, हाकलूक. आता प्रमाण मराठीत लिहितो, नायतर पुणेकर भाषांतर मागतील.

वानर आणि डुक्कर, दोघांना आवाजानेच पळवायचं. वरून केप, म्हणजे ठिणगी पाडणारी टोपी, बसवायची. पावसाळ्यात दारू ओलावली की नुसता 'फस्स' होतो आणि वानर फांदीवर बसून दात दाखवतात. तो अपमान तुमच्या रेंजवर मिळायचा नाही.

आणि निवडणूक आली की ठाण्यात जमा. २०२४ ला आमचं मतदान ७ मे ला. म्हणजे आंबा झाडावर, वानर झाडावर आणि बंदूक पोलिसांच्या खोलीत. वानरांना आचारसंहिता कोण सांगणार?

नियमावली

सरसकट जमा करायचा नियम नाही हो. छाननी समिती कोणाची घ्यायची ते ठरवते.

कुडाळचो

समिती आमच्या वाडीत इली तर चाय पाजतंय.

पन्नास_तोळे (जळगाव)

मी उलट्या बाजूने बोलतो, कारण सगळे रिव्हॉल्वरच्या मागे लागलेत. माझा सराफीचा धंदा. माझ्यासाठी दुनळी बिनकामाची. गेल्या वर्षी निर्भीक रिव्हॉल्वर घेतली. २०१४ ला निघाली तेव्हा बायकांसाठी हलकी म्हणून गाजली, जेमतेम अर्ध्या किलोची. खरेदीबद्दल मत विचाराल तर खिशाला चांगली, हाताला नाही. हलकी असल्यामुळे झटका जास्त बसतो, दहा बारांनंतर तळहात सांगायला लागतो. वडिलांची जुनी जड रिव्हॉल्वर माझ्याकडे असती तर मी निर्भीक घेतलीच नसती. उत्तर प्रदेशात संडीलाला बनणारी वेब्ली रिव्हॉल्वरही हातात धरून पाहिली, मूठ आवडली.

घेणाऱ्यांनी लक्षात ठेवा, २२ सप्टेंबर २०२५ पासून पिस्तूल-रिव्हॉल्वरवरचा जीएसटी २८ वरून ४० टक्के झालाय. मी त्याआधी घेतली. आयुष्यात एवढी एकच गोष्ट वेळेवर केली. त्यामुळे जुनी_नळी, तुमच्या जुन्या .३२ ला गिऱ्हाईक मिळेल. पण विकू नका असंच म्हणेन. ती परत मिळत नाही.

जुनी_नळी

तळहाताचं पटलं. पण खरं सांगू? गेल्या अकरा वर्षांत रिव्हॉल्वर मी तेल घालायलाच काढली. रेंजवर चारदा नेली असेल.

आणि दुनळीचा एक वेगळाच घोळ लक्षात आला. मी तिच्यात इतकी वर्षं ७० मिलिमीटरची काडतुसं घालत होतो. करवीरकरांच्या आग्रहाने फोटो काढायला नळ्या उतरवल्या, भिंगाने शिक्के वाचले. चेंबर अडीच इंची! म्हणजे ६५ मिलिमीटर.

दहा_पॉइंट_नऊ

अहो, आधी थांबवा ते! बंद काडतूस आत बसतं म्हणून लोक फसतात. लांबी मोजतात ती उडाल्यावर तोंड उघडल्यानंतरची. सत्तरचं तोंड पासष्टच्या चेंबरमध्ये उघडायला जागा नसते, ते नळीच्या अरुंद भागात घुसतं आणि दाब वाढतो. १९३८ च्या नळीला हे आवडत नाही. खडकीची ६५ ची मिळतात, शोधावी लागतात. पुढचा बार काढण्याआधी ती एखाद्या जाणत्या गनस्मिथला दाखवा.

जुनी_नळी

दाखवली. नळ्या शाबूत आहेत, डावा घोडा किंचित सैल. गनस्मिथ म्हणाला, "आजोबांचं पुण्य." खोळ बदलायला सांगितली. चामड्याच्या खोळीत ठेवत होतो, ती ओल धरते. आता सुती कापड आणि उभी.

नेमबाजाची_आई

मघापासून एक विचारायचं होतं. तुम्ही सगळे वडील, आजोबा, नातू म्हणताय. जुनी_नळी, तुम्हाला बहीण आहे का?

जुनी_नळी

आहे. माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. राधानगरीकडे असते, ऊस आणि थोडा भात. का?

नेमबाजाची_आई

नियमावलींनी सांगितलं ना, मर्यादा माणशी आहे. त्यांनी परवाना काढला तर?

नियमावली

बरोबर मुद्दा. त्यांनी स्वतंत्र अर्ज करायचा, कोल्हापूरला जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे. पोलीस पडताळणी, प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, सगळं त्यांच्या नावाने. वारस म्हणून थेट बदली यांच्याकडून होणार नाही, कारण हयात परवानाधारकाला त्यासाठी वयाची सत्तर किंवा शस्त्र बाळगल्याची पंचवीस वर्षं पूर्ण लागतात. यांची अकराच झालीत. पण परवाना मिळाला की हस्तांतर होतं, पंचेचाळीस दिवसांची सूचना देऊन.

मी हे आधीच लिहायला हवं होतं. माझ्याही डोक्यात मुलगाच होता.

करवीरकर

राधानगरी म्हणजे आमच्या जिल्ह्यात येणार दुनळी! नेमबाजाची आई, तुम्ही ग्रेट आहात.

जुनी_नळी (आठ महिन्यांनी)

धागा वर काढतोय, क्षमस्व.

ताईला फोन केला तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. मला वाटलं नको असेल. मग म्हणाली, "बाबांनी तुला काडतुसं भरायला शिकवलं, मला शिकवलं ते आजोबांनी. तुला माहीत तरी आहे का?" माहीत नव्हतं. ती नऊ वर्षांची असताना आजोबांनी तिला बांधावर नेऊन एक बार काढू दिला होता, ती मागे चिखलात बसली आणि आजी दोन दिवस आजोबांशी बोलली नव्हती. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, मी सोडून. अर्ज करायला ती दुसऱ्या दिवशी गेली.

परवाना हाती यायला सहा महिने लागले. मधे प्रशिक्षणाला गेली, तिथे वर्गात सगळे तिच्या मुलाच्या वयाचे. कागद पूर्ण झाले, गेल्या आठवड्यात मी विक्रेत्याकडून रीतसर दुनळी तिच्या नावावर सुपूर्द केली. गवे आणि डुकरं उसात येतात, त्यांना हाकलायला म्हणून घेतलीय, मारायला नाही, तो कायदा तिला माझ्याहून चांगला पाठ आहे. पावतीही तिला दिली. घडी तिने न भीता उलगडली.

माझी .२२ पण मिळाली. नवी परदेशी मिळणं शक्य नाही, आपल्यासारख्यांसाठी ती दारं १९८६ च्या सुमारासच बंद झालीत, म्हणून जुन्यातली शोधत होतो. ब्रनोची, बोल्टवाली, नाशिकच्या एका निवृत्त डॉक्टरांची. त्यांनी तीन वेळा भेटायला बोलावलं, चहा पाजला, हात बघितले आणि मग हो म्हणाले. पहिल्या रविवारी पन्नास मीटरवर जे मारलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

रिव्हॉल्वर आहे. पन्नास तोळे, तुमचं ऐकलं.

टेक्सासकर

गॅरंडचा नंबर लागला. वडिलांना फोटो पाठवला. उत्तर आलं: "पुलथ्रू घेतलीस का?"

जुनी_नळी

टेक्सासकर, घ्या बाबा एकदाची!

मुद्द्याचं: ताईला खडकीची ६५ मिलिमीटरची काडतुसं हवीत, कोल्हापुरात दोन दुकानांत ७० चीच आहेत. सांगली, सातारा, बेळगाव, कुठेही दिसली तर इथे कळवा. ती स्वतः परवाना घेऊन येईल.

करवीरकर

बघतो. आमच्या गल्लीतल्या एका काकांकडं माहिती असणार. उद्या सकाळी विचारून सांगतो.